अटलांटातील कृष्णवर्णीय पॉली मेळावा: पहिल्या भेटीपासून तिसऱ्या भेटीपर्यंत

कृष्णवर्णीय पॉलिअ‍ॅमरस माणसांना आपल्या शहरात महिन्यातून एकदा निवांत एकत्र बसता यावे, यासाठी काय काय करावे लागते, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. पॉलिअ‍ॅमरी म्हणजे संबंधित सर्वांच्या माहितीने आणि संमतीने एकापेक्षा अधिक व्यक्तींशी प्रेमाचे नाते ठेवणे; बोलण्यात सगळे नुसते ‘पॉली’ म्हणतात. बहुपत्नीत्वाशी त्याची गल्लत करू नये, कारण येथे स्त्रीलाही पुरुषाइतकीच मोकळीक असते आणि लग्नाचा प्रश्न बहुतेकदा येतच नाही. मी स्वतः कृष्णवर्णीय नाही. नाशिकहून अटलांटाला येऊन मला बारा वर्षे झाली. माझा जोडीदार कृष्णवर्णीय आहे, आणि त्याने इतर दोघींबरोबर सुरू केलेल्या मेळाव्यात खुर्च्या, हिशेब आणि दारावरचे टेबल एवढी कामे माझ्याकडे आहेत. धोरणाचे निर्णय त्या तिघांचे आहेत. अशा नात्यांत आणि मैत्रीत असलेली मराठी माणसे अमेरिकेत थोडी असली तरी आहेत, आणि मदतीला जाताना कुठे हात लावावा व कुठे लावू नये, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

शहरात पॉली मंडळींचे सर्वांसाठीचे मेळावे असताना वेगळा कशाला, असा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. उत्तर साधे आहे. चाळीस जणांच्या खोलीत तीन कृष्णवर्णीय असले की त्यांच्याकडे एक तर कुतूहलाने पाहिले जाते किंवा शरीरावरून गृहीतके धरली जातात, आणि संध्याकाळभर त्यांना आपली बाजू समजावून सांगत बसावे लागते. त्यामागे इतिहासही आहे. १९६५ साली कामगार खात्यातील डॅनियल पॅट्रिक मॉयनिहान यांच्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घडणीलाच विकार ठरवले. अलाबामा राज्यात तर एकट्या आईच्या घरी एखादा पुरुष येतो-जातो, एवढ्यावरून तिच्या मुलांची सरकारी मदत बंद करण्याचा नियम होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो १९६८ मध्ये रद्द केला. घरात कोण राहते याची सरकारने झडती घेतलेली ज्यांच्या आजीला आठवते, ती माणसे ‘आमच्या घरात तिघे आहोत’ हे अनोळखी खोलीत सहज बोलत नाहीत. पुढची प्रत्येक पायरी ही गोष्ट ध्यानात ठेवून आखावी लागते.

कोणासाठी, हे आधी लिहून काढा

सर्वांत आधी एक वाक्य लिहावे: हा मेळावा कोणासाठी आहे. ‘केवळ कृष्णवर्णीयांसाठी’ आणि ‘कृष्णवर्णीयांना केंद्रस्थानी ठेवून, त्यांच्या जोडीदारांसह’ हे दोन निरनिराळे मेळावे आहेत आणि दोन्हींची गरज असते. आमच्याकडे दोन भेटी फक्त कृष्णवर्णीयांच्या आणि तिसरी जोडीदारांसह, अशी पाळी ठरली. पहिल्या दोन भेटींत मी खुर्च्या मांडून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात हिशेबाची वही घेऊन बसले. थोडे खटकले, हे कबूल करते. परंतु तिसऱ्या भेटीत, आम्ही सात-आठ इतरवर्णीय जोडीदार आल्याबरोबर, संभाषणाचा आवाज कसा खाली आला आणि हसणे कसे जपून होऊ लागले, ते मी दारातून पाहिले आणि प्रश्न मिटला. इतरवर्णीय जोडीदारांना बोलावताना ‘आपण पाहुणे आहोत, प्रश्नकर्ते नाही’ एवढे आधी सांगून ठेवावे.

हे वाक्य जागेशी आणि कायद्याशीही जोडलेले आहे. सार्वजनिक ग्रंथालयाची खोली मिळते ती बहुधा ‘बैठक सर्वांना खुली असेल’ या अटीवर, त्यामुळे बंद भेट तेथे ठेवता येत नाही. वर्णावरून कोणाला प्रवेश नाकारण्यास हॉटेले-रेस्टॉरंटांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बंदी केली, आणि त्याच वर्षी तो कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला तो याच शहरातल्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ मोटेलच्या खटल्यात. तो कायदा कोणी कोणासाठी झगडून मिळवला, हे पाहता येथे एक गमतीशीर पेच उभा राहतो, पण व्यवहारात मार्ग सोपा आहे: बंद भेट कोणाच्या घरी निमंत्रितांपुरती घ्यावी, खुली भेट सार्वजनिक जागी घ्यावी आणि जाहीर मजकुरात ‘केंद्रस्थानी’ हा शब्द वापरावा. शंका असेल तर स्थानिक वकिलाला आधीच विचारावे.

तिघे जण, पण एकाच पॉलिक्यूलमधले नकोत

एकट्याने मेळावा चालवू नये. तो माणूस तिसऱ्या महिन्यात थकतो. तीन संयोजक पुरेत. मात्र ते तिघे एकाच पॉलिक्यूलमधले, म्हणजे परस्परांशी प्रेमाच्या धाग्यांनी जोडलेल्या एकाच गोतावळ्यातले असू नयेत. आमच्या ओळखीचा एक गट उत्तम चालला होता. संयोजक तिघेही एकमेकांचे जोडीदार होते, नाते तुटले आणि त्याबरोबर पन्नास जणांचा गटही बंद पडला, कारण सदस्यांची यादी एकीकडे, पैसे दुसऱ्याकडे आणि जागेची ओळख तिसरीकडे राहिली. यादी, पैसे आणि जागा या तिन्हींची माहिती किमान दोघांकडे असावी. तिघांत किमान एक स्त्री आणि किमान एक समलिंगी, उभयलिंगी किंवा ट्रान्स व्यक्ती असली, तर पुढचे अर्धे वाद उद्भवतच नाहीत.

जागा आणि वेळ

पहिली खुली भेट कोणाच्या घरी घेऊ नये. पत्ता उघड होतो, अनोळखी माणसाला घरात शिरण्याचा संकोच वाटतो आणि नको असलेल्या माणसाला घरातून घालवणे अवघड जाते. फक्त बारमध्येही घेऊ नये, कारण दारू सोडलेली माणसे येत नाहीत आणि संगीतामुळे हळू बोलता येत नाही. ग्रंथालयाची खोली, उद्यानातला छत असलेला कट्टा, किंवा कृष्णवर्णीय मालकाच्या कॉफीच्या दुकानाची मागची खोली या तीन जागा तपासून पाहाव्यात. दुकानदाराला कार्यक्रम कशाचा आहे हे स्पष्ट सांगावे. आयत्या वेळी त्याला कळले तर अपमान पाहुण्यांचा होतो.

जागा पाहायला जाताना तेथे मार्टाने, म्हणजे अटलांटाच्या रेल्वे-बसने, जावे. वेस्ट एंडसारख्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांच्या आतली जागा असेल तर गाडी नसलेला माणूसही येतो आणि नको वाटल्यास कोणावर अवलंबून न राहता निघून जाऊ शकतो. चाकाच्या खुर्चीला रस्ता आहे का, एकट्याचे स्वच्छतागृह आहे का, रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून आत बसलेले दिसतात का, हे तेथे उभे राहूनच कळते. शेवटची गोष्ट मी पहिल्यांदा विसरले होते आणि ऐन वेळी दुकानाच्या काचेवर टेबलक्लॉथ लावावे लागले.

रविवारची सकाळ कधीही धरू नये. चर्च, त्यानंतर आईकडचे किंवा आजीकडचे जेवण, हा क्रम या शहरात पक्का आहे आणि पॉली असलेला माणूसही तो मोडत नाही. आम्हाला रविवारी दुपारी ४ ते ७ ही वेळ लाभली. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा लेबर डे टाळावा, कारण त्या सुट्टीत शहरात ब्लॅक प्राइड, म्हणजे कृष्णवर्णीय समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स माणसांचा उत्सव, असतो. ऑक्टोबरात मोरहाउस आणि स्पेलमन या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे होमकमिंग, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे संमेलन, असते, तेव्हाही कोणी येत नाही. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात उद्यान नको. मुलांचे काय, हेही आधी सांगावे. आम्ही शेजारच्या खोलीत मुलांसाठी दोन मोठी माणसे ठेवतो आणि त्या दोघांचे मानधन वर्गणीतून देतो, कारण ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनाच अशा गप्पांची गरज अधिक असते.

निमंत्रणाचा मजकूर

निमंत्रणात पाच गोष्टी असाव्यात: कोणासाठी, काय होणार, काय होणार नाही, खर्च किती आणि प्रश्न कोणाला विचारायचे. ‘काय होणार नाही’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. येथे जोडीदार शोधण्याचा कार्यक्रम नाही, शरीरसंबंधांचा कार्यक्रम नाही, आणि पॉली आहोत म्हणजे कोणाच्याही वाट्याला जाता येते असे नाही, हे सरळ लिहावे. विशेषतः ‘युनिकॉर्न हंटिंग’ नको, हे नाव घेऊन लिहावे. म्हणजे जोडप्याने आपल्या दोघांनाही हवी अशी एकटी स्त्री हेरत फिरणे. असे एक जोडपे खोलीत फिरले की एकट्या आलेल्या बायका पुढच्या वेळी येत नाहीत, आणि त्या न आल्या की मेळावा संपतो.

नेमका पत्ता जाहीर करू नये. भाग आणि जवळचे स्थानक द्यावे, आणि येणार म्हणून कळवणाऱ्याशी चार ओळींचा निरोप झाल्यावर आदल्या दिवशी पत्ता पाठवावा. खरे नाव, नोकरी किंवा फोटो मागू नये. येतो म्हणणाऱ्यांपैकी निम्मे आले तर भेट यशस्वी झाली असे समजावे. आमच्या पहिल्या भेटीला बावीस जणांनी होकार कळवला होता, नऊ आले, आणि त्यातला एक गाडी लावून वीस मिनिटे आत यावे की नाही याचा विचार करत बसला होता. त्याने हे चौथ्या भेटीत सांगितले.

दारावरची पहिली दहा मिनिटे

मेळाव्याचे बरेवाईट दारात ठरते, म्हणून या भागावर अधिक वेळ घालवावा. दाराजवळ एक छोटे टेबल, नावाच्या चिकटपट्ट्या, जाड पेन आणि तीन रंगांचे ठिपके ठेवावेत. चिकटपट्टीवर माणूस लिहील तेच नाव, मग ते खरे असो वा नसो. आडनाव नको, हवे असल्यास आपल्याला ‘तो’ म्हणावे, ‘ती’ की आणखी काही, ते सर्वनाम लिहावे. हिरवा ठिपका म्हणजे ‘माझ्याशी येऊन बोला’, पिवळा म्हणजे ‘ओळखीचे असाल तर बोला’, लाल म्हणजे ‘आज मी नुसता ऐकायला आलो आहे’. हे ठिपके म्हणजे पोरखेळ आहे, असे मला वाटले होते. एका भेटीत एका प्रौढ गृहस्थांनी लाल ठिपका घेतला, दोन तास चहा पीत ऐकत बसले, आणि जाताना तो काढून पिवळा लावून गेले. माझे मत तेव्हा बदलले.

फोटोचा नियम दारातच, तोंडी सांगावा, कारण भिंतीवर लावलेली सूचना कोणी वाचत नाही. आमच्या एका भेटीत दोघींनी स्वतःचाच सेल्फी काढला; मागे बसलेली एक शाळाशिक्षिका त्यात दिसत होती, आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी तिच्या मावसभावापर्यंत पोहोचला. हेतू कोणाचाही वाईट नव्हता. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियात खासगी नोकरीवरून काढून टाकायला मालकाला फारसे कारण द्यावे लागत नाही, आणि घटस्फोटानंतर मुलांच्या ताब्याच्या वादात समोरचा वकील असा फोटो आनंदाने मांडतो. तेव्हापासून फोटो हवा असणाऱ्यांसाठी आम्ही एका कोपऱ्यात रंगीत कापड टांगतो. त्याच्या मागे कोणी नसते आणि इतरत्र फोन खिशातच राहतात. मेळाव्याबाहेर, दुकानात किंवा चर्चमध्ये, कोणी भेटले तर आधी त्या व्यक्तीने ओळख दाखवावी, मग आपण, हाही नियम त्याच वेळी सांगावा.

नव्या माणसाला दारावरून एकटे आत सोडू नये. एका यजमानाने त्याला सोबत घेऊन दोघा जणांशी ओळख करून द्यावी आणि मगच परतावे.

तीन तास कसे जावेत

पहिला अर्धा तास खाणे. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांप्रमाणे येथेही प्रत्येकाने एक पदार्थ आणण्याची पद्धत चालते. फक्त पदार्थाशेजारी घटकांची चिठ्ठी ठेवावी, आणि बटाट्याच्या सॅलडजवळ करणाऱ्याचे नावही, कारण ते कोणी केले आहे हे विचारल्याशिवाय येथे कोणी ते ताटात घेत नाही. ही थट्टा सर्वांना ठाऊक असते आणि खोलीतला पहिला मोठा हशा बहुधा त्यावरच होतो.

त्यानंतर पाच मिनिटांत नियम वाचावेत आणि तासभर एका विषयावर गोलात बोलावे. विषय ‘मत्सर’ असा सर्वसाधारण ठेवला तर तीच ती वाक्ये येतात. नेमका ठेवला तर माणसे बोलू लागतात. आमच्याकडे चांगले रंगलेले विषय असे होते: थँक्सगिव्हिंगला कोणत्या जोडीदाराला आईकडे न्यायचे आणि दुसऱ्याला काय सांगायचे, कंपनीच्या आरोग्यविम्यात एकच जोडीदार बसत असताना उरलेल्याचा खर्च कोणी उचलायचा, मेटामोर, म्हणजे आपल्या जोडीदाराचा दुसरा जोडीदार, आजारी पडला तर डबा कोणी न्यायचा, आणि चर्च सोडायचे की गप्प राहून जात राहायचे. शेवटच्या विषयाला तासभर पुरला नाही. एकाने दुसऱ्याला सल्ला द्यायचा असेल तर आधी ‘सल्ला हवा आहे का’ असे विचारायचे, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ होते. मायक्रोफोन नको, त्याने माणूस भाषण करू लागतो.

उरलेल्या वेळात पत्ते मांडावेत. स्पेड्स हा कृष्णवर्णीय अमेरिकेतला घराघरातला खेळ आहे: चौघे जण, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने आणि हुकूम नेहमी इस्पिकचाच. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला तो अर्ध्या तासात जमतो, मला जमला. युक्ती एवढीच की एकत्र आलेल्यांना एका बाजूचे भिडू करू नये. अनोळखी माणसाला अनोळखी भिडू द्यावा. हात पत्त्यांत गुंतले की तोंड मोकळे होते, आणि ज्याला गोलात एक शब्द बोलता आला नाही तो तिसऱ्या डावात आपल्या घरची हकीकत सांगू लागतो.

तक्रार आली तर

तक्रार येणार हे धरूनच चालावे. तिघांपैकी दोघांची नावे निमंत्रणातच द्यावीत, म्हणजे एकाविरुद्ध तक्रार असेल तर दुसऱ्याकडे जाता येते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी प्रेमाचे नाते असलेल्या संयोजकाने त्या प्रकरणातून बाजूला व्हावे. पॉली वर्तुळात हा प्रसंग वारंवार येतो. ऐकून घ्यावे, तारखेसह थोडक्यात लिहून ठेवावे, तक्रार करणाऱ्याला काय हवे ते विचारावे, आणि निर्णय होईपर्यंत दुसऱ्याला भेटींपासून दूर राहायला सांगावे. सगळ्या गटासमोर सुनावणी करू नये. निर्णय कळवताना कारणमीमांसा लांबवू नये.

पोलिसांना कधी बोलवायचे, हेही आधीच ठरवावे लागते. कृष्णवर्णीयांनी भरलेल्या खोलीत पोलिस आल्याने धोका कमी होण्याऐवजी वाढू शकतो, हे येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही, पण बाहेरून मदतीला आलेल्याला मात्र समजावे लागते. आमच्याकडे जिवावरचा प्रसंग वगळता तो निर्णय तीन संयोजकांपैकीच कोणीतरी घेतो. मी फोन उचलायचा नाही, हे मला पहिल्या दिवशीच सांगितले गेले आणि ते योग्य होते.

पैसे

प्रवेशशुल्क न ठेवता दाराशी डबा ठेवावा आणि ‘पाच डॉलर सुचवले आहेत, नसतील तरी या’ असे लिहावे. घरभाडे भागवण्यासाठी दारात थोडे पैसे घेऊन घरीच गाणेबजावणे आणि जेवण ठेवण्याची ‘रेंट पार्टी’ची रीत १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत रुळली होती, त्यामुळे डब्याचे कोणाला नवल वाटत नाही. जमाखर्च प्रत्येक भेटीनंतर सर्वांना पाठवावा, अगदी कागदी ताटल्यांसह. आमच्या मंडळातल्या जुन्या खजिनदारांकडून शिकलेली ही एकच गोष्ट मला येथे थेट वापरता आली.

कायदा आणि आरोग्य: थोडक्यात, पण चुकीचे नको

पाहुणे वक्ते बोलवायचे झाल्यास पहिला मान कुटुंबकायद्याच्या वकिलाचा. जॉर्जियात एकाच वेळी दोन लग्ने करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि विवाहबाह्य संबंध हाही कागदोपत्री किरकोळ गुन्हा आहे. खटले होत नसले तरी घटस्फोटात त्याचा उपयोग होतो. देशात चित्र हळूहळू बदलते आहे: मॅसॅच्युसेट्समधील सॉमरव्हिल शहराने २०२० मध्ये दोनापेक्षा अधिक व्यक्तींच्या सहजीवनाची नोंद मान्य केली, शेजारच्या केंब्रिजने २०२१ मध्ये, आणि कॅलिफोर्नियातील ओकलंडने २०२४ मध्ये कुटुंबरचनेवरून भेदभाव करण्यास मनाई केली. अटलांटात राहणाऱ्याला ही संरक्षणे लागू नाहीत, हे वक्त्याकडून स्पष्ट वदवून घ्यावे. वैद्यकीय निर्णयाचे अधिकारपत्र आणि मृत्युपत्र मात्र येथेही करता येते, आणि त्या भेटीला सर्वांत जास्त माणसे येतात.

आरोग्य कार्यकर्त्याला वर्षातून एक-दोनदाच बोलवावे. लैंगिक आजारांची तपासणी आणि एचआयव्ही रोखणारी, २०१२ पासून मान्यता असलेली प्रेप ही औषधे यांची माहिती हवीच. परंतु कृष्णवर्णीयांच्या प्रत्येक जमावाला तपासणीचे शिबिर समजणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि लोक त्याला कंटाळले आहेत.

तिसऱ्या भेटीपर्यंत

पहिल्या भेटीला उत्सुकता माणसे आणते. दुसऱ्या भेटीला निम्मीच येतात आणि संयोजक खचतात. म्हणून तीन तारखा पहिल्याच निमंत्रणात जाहीर कराव्यात, त्याच जागी, त्याच वेळी, आणि चार जण आले तरी भेट रद्द करू नये. आमच्या दुसऱ्या भेटीला पाच जण होते. स्पेड्सला एक माणूस जास्त झाला आणि तो गुण लिहीत बसला. तिसरीला सतरा आले, त्यांतले सहा जण त्या गुण लिहिणाऱ्याने आणले होते.

निघण्यापूर्वी पुढची तारीख पाटीवर लिहावी, उरलेले अन्न डब्यांत भरून ज्याला हवे त्याला द्यावे, नावाच्या चिकटपट्ट्या गोळा करून तेथेच फाडाव्यात, कारण त्या कपड्यावर तशाच राहून घरी जातात. एकट्या निघणाऱ्याला स्थानकापर्यंत सोबत द्यावी आणि पोहोचल्याचा निरोप मागावा. आमच्या टेबलावर एक कागद असतो. निरोप आला की त्या नावावर मी रेघ ओढते, आणि शेवटची रेघ ओढल्यावर खोलीची किल्ली परत करते.